उसवलेली सीट

गाड्यांच्या चामडी सीट पुसून त्यांना क्रीम चोळायचं काम बायकोकडे आणि उसवलेली शिवण पुन्हा घालायचं नवऱ्याकडे, अशी त्यांच्या दुकानात वाटणी होती. क्रीम ती उघड्या तळहातानंच चोळायची. फडक्याला चामड्याचं मन कळत नाही, असं तिचं म्हणणं.

त्या दुपारी एका गाडीच्या पुढच्या सीटवर तिनं ओलं फडकं फिरवलं, आणि गुळगुळीत चामड्यावर बारीक काटा उभा राहिला.

तिनं तळहात टेकवला. काटा हळूहळू बसला.

"अहो, ही सीट शहारली!"

"शहारणारच. पाणी किती गार आहे!" सुईत दोरा ओवता ओवता नवरा हसला. "शाल पांघर तिला."

तिलाही हसू आलं. तरी तिनं कोमट पाणी आणलं आणि आजारी माणसाची पाठ चोळावी तसं हलक्या हातानं क्रीम चोळलं. पुन्हा काटा आला नाही. गारठ्याचंच असेल, अशी तिनं मनाची समजूत घातली.

मग नवरा जाड सुई घेऊन उसवलेल्या शिवणीशी वाकला. तिचा हात आपोआप मध्ये गेला.

"अगं, सीट आहे ती. सरक."

ती सरकली. त्यानं सुई खुपसली. सीट ढिम्म होती. तिचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात तिची नजर मागे गेली. मागच्या सीटला अजून पाण्याचा थेंबही लागला नव्हता. तिच्यावर मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत सरसरून काटा आला होता.