रिकाम्या तोंडाचा पुरावा

वृद्धाश्रमातल्या सेविका किनुकोने भरवलेला घास म्हाताऱ्या इसोगाईसानांनी नवव्या दिवशीही थुंकून टाकला. जेवण समोर आले की ते आ वासत. चमचा आत गेला की चेहऱ्यावर अपमान पसरे. भेटीस आलेल्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत निदान केले होते: अन्नात विष असल्याचा भ्रम. डोस वाढला, माणूस सलाईनवर आला. आज दुपारचे जेवणही गेले नाही तर संध्याकाळी नाकातून नळी, आणि ती उपसू नये म्हणून हात खाटेला बांधायचे.

मनोरुग्णालयात एकेचाळीस वर्षे काढून ते या वृद्धाश्रमात आले होते. सोबत एक पिशवी आणि तीन ओळींची फाईल. इतक्या आयुष्याचा एवढा सारांश करणाऱ्यांची विद्वत्ता अचाटच म्हणायची.

किनुकोच्या वाट्याला असे अठरा जण होते. रागावण्यापुरतेही बळ तिच्यात उरले नव्हते. तिने चमचा पुसला, पुन्हा भरला.

"किती कोंबशील, पोरी?" समोरून फुसाएबाई म्हणाल्या. त्याही तशाच रुग्णालयातून आलेल्या. भरती-ओहोटी आपल्या परवानगीने होते अशी त्यांची समजूत. त्यामुळे त्यांचे बोलणे कोणी मनावर घेत नसे. "घास मागत नाहीये तो. जेवणाआधीची गोळी गिळली ते दाखवतोय. आमच्या तिकडच्या रुग्णालयात नर्सनं तोंडात बघितल्याशिवाय वाटीला हात लावायचा नाही. लावलास, की त्या दिवशी उपास."

चमचा हवेतच थांबला. तोंडात डोकावणे इथे नियमानेच बंद होते. वृद्धांच्या प्रतिष्ठेला बाधा येते म्हणे.

किनुको वाकली. तिने जिभेखाली पाहिले, दोन्ही गालांच्या आत पाहिले.

"बघितलं. गिळलीय गोळी. जेवा आता."

इसोगाईसानांनी तोंड मिटले. हात जोडले, चॉपस्टिक उचलल्या आणि मऊ भात, खारवलेला मासा, मुळ्याचे लोणचे, सारे शेवटच्या शितापर्यंत आपल्या हाताने संपवले.

नळी टळली. किनुको शेजारच्या खुर्चीत मटकन बसली. कितीतरी दिवसांनी तिला कुणाला काही द्यावेसे वाटले.

"उद्यापासून तोंड दाखवायचं नाही, इसोगाईसान. इथं कोणी अडवत नाही. मनाला येईल तेव्हा जेवा."

त्यांनी चॉपस्टिक जुळवून वाटीवर ठेवल्या. मग रीतसर मान लववून त्यांनी विचारले,

"मनाला येईल तेव्हा म्हणजे किती वाजता?"