कामी आली

“हे खोटंच आहे ना?” बिगुलकाकांनी दारातूनच विचारलं.

पडताळणीच्या टेबलावरच्या बाईंनी चष्मा वर केला. वर्तमानपत्राच्या या खोलीत काका एरवीही यायचे, पण ते भांडायला. फौजेतून निवृत्त झाल्यापासून त्यांनी ईमेलचा असा काही नाद लावून घेतला होता की आलेला निरोप पुढे ढकलल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. माजी सैनिकांचं निवृत्तिवेतन बंद होणार, शौर्यपदकं परत मागवणार, लष्करी इस्पितळात औषधंच नाहीत. बाईंनी चौकशी करून ‘खोटं’ असं छापलं, की काका तणतणत यायचे आणि “आगीशिवाय धूर निघत नाही, बाई!” म्हणून टेबल आपटून जायचे. आज पहिल्यांदाच ते खोटं मागायला आले होते.

त्यांनी फोन पुढे केला. मेल छोटाच होता. पुरात पूल कोसळला, बचावाला गेलेल्या तुकडीतला एकही जवान वाचला नाही. खाली तुकडीचा क्रमांक, भोवती मेणबत्त्या, आणि ‘काळीज असेल तर पुढे पाठवा’.

“जावई त्यात आहेत,” काका म्हणाले. “ड्रायव्हर. कालपासून फोन लागत नाही. लेकीलाही आलाय हा मेल, वर तिचा पत्ता दिसतोय. माझे मेल ती न वाचताच पुसते, पण हा दुसऱ्याने पाठवलाय. शाळेत शिकवते, मधली सुट्टी झाली की उघडेल. तुम्ही माझं सगळं खोटं म्हणता ना? मग आज म्हणा की!”

शब्द बाईंच्या ओठांवर आला होता. म्हणायला काय जात होतं? पण न तपासता म्हटलं, तर त्यांच्यात आणि काकांत फरक तो काय राहिला.

“बसा,” त्या म्हणाल्या.

लष्करी कार्यालयाचा फोन सारखा गुंतलेला. मग बाईंनी आपली नेहमीची रीत धरली, मेल तळापर्यंत उलगडत न्यायची. जो तो पुढे ढकलताना पदरचं तिखटमीठ लावतो, ते खाली जाताना गळत जातं. आधी मेणबत्त्या गळल्या. मग क्रमांक गळला. तो कुणा माहितगाराने मधेच घातला होता. मग कोसळलेला पूल नुसता खचलेला निघाला. तळाच्या वरचा मजकूर वाचून बाईंनी काकांकडे एकवार पाहिलं आणि मेल आणखी खाली सरकवला. अगदी तळाशी एका टायरवाल्याने मित्राला चार ओळी लिहिल्या होत्या. त्या बाईंनी मोठ्याने वाचल्या.

“दाजींचा निरोप आला. पाणी फार चढलंय. पूल खचला तिथे अख्खी तुकडी कामी आली.”

काकांनी टोपी काढून हातात घेतली. “कामी आली,” ते हळूच म्हणाले. “म्हणजे खरंय.”

बाईंनी मजकुराखालचा दुकानाचा नंबर फिरवला आणि स्पीकर लावला. पलीकडे हवा भरायच्या पंपाचा धडधडाट चालला होता.

“मेले? कोण मेलं?” टायरवाला भडकला. “अहो बाई, कामी आली म्हणजे कामाला आली! माणसं खांद्यावर घेऊन बाहेर काढली पोरांनी. आता वाळूच्या पिशव्या भरताहेत. दाजी तिथे भटारखान्यात असतात, बटाटे आणायला बाजारात आले, तिथून आत्ताच फोन झाला. सगळे धडधाकट. भुकेने नुसते पेटलेत, दाजी वैतागलेत. एक उंच ड्रायव्हर तर जेवला की पुन्हा रांगेत उभा राहतो म्हणे!”

“तोच!” काका ताडकन उठले. “तोच आमचा! लग्नातसुद्धा…” पुढे त्यांना बोलवेना. खुर्चीत बसून ते लहान मुलासारखे रडायला लागले. बाईंनाही हायसं वाटलं. इतकं, की काकांना दिलेल्या पाण्यातलं अर्धं त्याच पिऊन बसल्या.

“पण कामाला गेलेल्या पोरांना मारलं कुणी?” जरा वेळाने नाक पुसत काका गरजले. “नाव सांगा मला. उभा सोलतो त्याला!”

बाईंनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. टायरवाल्याच्या ओळी मित्राने काहीच न जोडता पुढे ढकलल्या होत्या. त्यांच्या लगेच वर लिहिलं होतं, ‘पुरात अख्खी तुकडी कामी आली. वीरांना अखेरची सलामी.’ पाठवणाऱ्याचं नाव काकांचं. परवा सकाळी, ओळखीच्या झाडून सगळ्यांना. लेकीलासुद्धा.

काकांनी बोट ठेवून ती ओळ पुन्हा वाचली.

“फौजेत ज्याला कामी आला म्हणतात ना, बाई,” ते म्हणाले, “तो परत येत नाही. मला दुसरा अर्थ सुचलाच नाही हो.”

बाईंनी स्क्रीन हळूच परत वळवली. तेवढ्यात काकांचा फोन वाजला. लेक होती.

“बाबा, शिक्षकांच्या खोलीत सगळ्याजणी माझ्याकडे बघून गप्प होताहेत. कुणी काही सांगत नाही. यांना काही झालंय का?”

“नाही गं! काही नाही झालं! जावई तिकडे पुलाच्या कामी…”

बाई टेबलावरून झेपावल्या. काकांनी जीभ चावली.

“बाबा?”

“राबताहेत,” काका ओरडले. “राबताहेत गं, जिवंत माणूस राबतो तसे!”