शेळीच्या अटी

कडूबाईंनी शेळ्यांच्या नोंदी ठेवायला सॉफ्टवेअर विकत घेतलं आणि गावातच शेळ्या पाळणाऱ्या धाकट्या बहिणीच्या, अयोध्याच्या कॉम्प्युटरवरही ते घालून दिलं. आठवड्यात अयोध्याचं बंद पडलं. कंपनीचा रणधीर गोठ्यावर आला, तेव्हा कडूबाईंनी त्याला गाठलं.

“मावशी, तुम्ही सॉफ्टवेअर नाही घेतलं, ते वापरायची परवानगी घेतली. एकाच कॉम्प्युटरपुरती. कॉपी चालत नाही. तुम्ही अटी न वाचताच ‘मंजूर’ दाबलंत. पटत नसेल तर दुसरं घ्या, बाजार खुला आहे.”

“व्हय की,” म्हणत कडूबाईंनी चहाचं आधण ठेवलं.

चहा पिता पिता रणधीरचा जीव एका काळ्याभोर गाभण शेळीवर जडला. सासऱ्यांना भेट द्यायला झकास होती. त्यानं ठरलेले पैसे दिले, कडूबाईंनी लिहिलेल्या पावतीवर सही ठोकली आणि शेळी टेम्पोत चढवली.

“करडं झाली की हितं आणून सोडा,” कडूबाई म्हणाल्या.

“करडं? मावशी, शेळी माझी तर करडंही माझीच.”

“शेळी तुमाला एका दावणीपुरती दिलीया. करडं म्हंजे कॉपी. पावतीवर लिवलंय, तुमी न वाचताच सही केली. पटत नसंल तर दुसरी घ्या, बाजार खुला हाय.”

रणधीरनं पावती दोनदा वाचली. मग शेळीच्या पोटाकडं बघितलं. उस्मानाबादी शेळी, एका वेताला दोन तर ठरलेलीच.

“मावशी,” तो हळूच म्हणाला, “अयोध्यामावशींचा कॉम्प्युटर कुठंय?”