तिसऱ्या महिन्यातली सुई

केंद्राला कायमचं कुलूप लागायच्या दिवशीही शाल्मली दाभाडे रोजच्यासारखी साडेनऊला आली. सव्वीस वर्षांची शाल्मली लहानपणी याच केंद्रात बोलायला शिकली होती आणि आता इथल्या स्वमग्न मुलांना मणी ओवायला शिकवायची. पण तीन वर्षांत एकही नवं मूल आलं नव्हतं.

“मुलं कधी येणार, मृणालताई?”

डॉ. मृणाल टिपणीस खोकी बांधता बांधता थांबल्या. “आता नाही येणार गं. बाळाची नजर तपासून स्वमग्नता ओळखतात आणि तिसऱ्या महिन्यातच सुई देतात.”

“माझ्यासारखी होऊ नयेत म्हणून?”

“हो.”

“नजरेची तपासणी कोणी शोधली?”

त्या तपासणीवर बाईंची तीस वर्षं गेली होती. मुलांना मदत लवकर मिळावी, एवढंच त्यांच्या मनात होतं. सुई नंतर दुसऱ्यांनी काढली. पण शाल्मलीशी त्या कधी खोटं बोलल्या नव्हत्या.

“मी.”

शाल्मलीने बाही वर केली. “मग मलाही द्या.”

“मोठ्यांवर तिचा काही परिणाम होत नाही, बाळा.”

शाल्मलीने बाही खाली ओढली, मनगटाचं बटण नीट लावलं आणि निरोप न घेताच ती फाटकाबाहेर पडली.