मुद्दाम बिघडवलेला रस्सा

रश्शात मिठाचा तिसरा चमचा पडला तेव्हा मुलगी दारातून म्हणाली, "आई, मीठ घातलंस की मघाशी."

"माहितीये मला."

"अगं, परत घातलंस!"

"तू बाहेर जा. आणि आत कुणाला येऊ देऊ नकोस."

आईचं तोंड बघून मुलगी गुपचूप बाहेर गेली.

आईला घरात सगळे धाकटी म्हणत. घरची धाकटी सून, म्हणून धाकटी. केस पांढरे व्हायला लागले तरी धाकटीच. कपड्यांच्या कारखान्यात ती दिवसभर शर्टाच्या कॉलरी शिवायची. सुट्ट्या मोजक्या, आणि त्यातली सणाची सुट्टी दरवर्षी या खुराड्याएवढ्या स्वयंपाकघरात जळायची.

बाहेरच्या खोलीत दोन थोरले दीर, नणंद आणि त्या सगळ्यांची माणसं. सगळे हात हलवत आलेले. नवरा त्यांच्यात मांडी ठोकून बसलेला. भिंतीला टेकून आत्या बसली होती, वारलेल्या सासऱ्यांची बहीण. ती दरवर्षी यायची, चार घास खायची आणि फारसं बोलायची नाही.

"आईचं घर आहे हे," नवरा म्हणायचा. "सण दुसरीकडे कुठे करायचा?"

त्या आईला, म्हणजे आपल्या सासूला, धाकटीने पाहिलंही नव्हतं. लग्नाआधीच ती गेली होती. पण दरवर्षी पहिल्या घासाला कुणीतरी सुस्कारा टाकायचं, "छान झालंय हो. पण आईच्या हातची चव नाही." एवढं बोलून ताटं मात्र चाटूनपुसून लख्ख.

गेल्या सणाला धाकटी अंगात ताप घेऊन चुलीपाशी उभी होती. थोरल्या दिराने रस्सा चाखला आणि मान हलवली. "आई घालायची ते काहीतरी यात नाही बघ." तिचा नवराही मान डोलवत होता. तेव्हा तिच्या तळपायाची आग जी मस्तकात गेली, ती तिथेच राहिली. तिने भांडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. नवऱ्याचं आपलं एकच, "आवडतं म्हणूनच येतात ना ते?"

ठीक आहे. मग आवडणारच नाही असं करू. एकदा तोंड वाईट झालं की पुन्हा या घरात पंगत बसायची नाही.

तिने कांदा काळा होईपर्यंत हलवला नाही. भाताचं बूड लागलं तेव्हा हात बांधून उभी राहिली, आणि मग खालचा करपलेला भात खरवडून वरच्यात मिसळला. बटाटे कच्चे ठेवले. कोंबडी शिजवून शिजवून तिचा चोथा केला. दुधातल्या गोड भातात साखरेचा कणही टाकला नाही.

नणंद दारात डोकावली. "काय गं धाकटे, करपलं की काय?"

"हो, वन्सं. येता हात द्यायला?"

"अगं आले असते, पण ही कंबर बघ ना माझी." नणंद आली तशी तुरुतुरु परत गेली.

पानं मांडली. धाकटीने स्वतः सगळ्यांना वाढलं, हात आखडता न घेता. मग ती चौकटीला टेकून उभी राहिली.

थोरल्या दिराने पहिला घास घेतला आणि त्याचा हात थांबला. दुसऱ्या दिराने रस्सा भुरकला आणि वाटी खाली ठेवली. नवऱ्याने घास गिळला आणि तिच्याकडे बघितलं. बघू दे. तिने नजर वळवली नाही.

थोरल्या दिराचे डोळे भरून आले होते.

"आई!" तो म्हणाला.

"हाच वास!" नणंदेने पदर डोळ्यांना लावला. "शाळेतून आलो की जिन्यात यायचा बघ. हाच!"

"अगं, इतकी वर्षं कुठे लपवून ठेवलं होतंस हे?" नवरा म्हणाला.

करपलेल्या भातासाठी दोघे दीर लहान पोरांसारखे भांडले. नणंदेने गोड भात तोंडात घातला आणि मांडीवर थाप मारली. "साखर नाही! अरे, आईपण घालायची नाही!"

"धाकटे, जिंकलंस," थोरला दीर म्हणाला. "आता सणाची वाट कशाला बघायची? दर रविवारी येतो."

"या की!" नवरा म्हणाला. "दादा, घर तुमचंच आहे."

धाकटी आत गेली. तिने डाव ओट्यावर असा आदळला की दांडा वाकला. बाहेर हसणं चाललं होतं, कुणीतरी आणखी रस्सा मागत होतं.

आत्या ताट घेऊन आत आली. तिने एक घासही खाल्ला नव्हता. तिने दार लोटलं.

"मुद्दाम केलंस."

"हो, मुद्दाम केलं," धाकटी म्हणाली. "जा, सांगा त्यांना. सगळ्यांना सांगा. कधीतरी विटतीलच ना मेले?"

आत्याने ताट ओट्यावर ठेवलं. त्यातला काळा कांदा तिने बोटाने बाजूला सारला.

"तुझी सासू मोठी सुगरण होती," ती म्हणाली. "आम्हा नणंदांचं येणं बंद व्हावं म्हणून असं करायला लागली. मरेपर्यंत ती असंच रांधत राहिली, आणि मरेपर्यंत आम्ही येत राहिलो."