सव्वा मूठ

धनुबाईने पोत्यात हात घातला, मूठभर गहू परातीत टाकले आणि म्हणाली, "उखानी." उखा तिचा मुलगा. मग वर पाव मूठ. कानबाई देवीच्या रोटांचे, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांचे, गहू असेच मोजतात, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. ज्याची मूठ पडली, त्याला कानबाई वर्षभर सांभाळते, असं धनुबाई दरवर्षी सगळ्यांना ऐकवायची.

"नवनीतनी." नवनीत उखाचा मुलगा. वर पाव. "भूपेशनी." हा धनुबाईच्या दिराचा मुलगा. वर पाव.

मग ती हसली. नवनीतचं पोरगं दीड महिन्याचं, आईबरोबर धानोऱ्याला आजोळी होतं. त्याचं बारसंसुद्धा अजून व्हायचं होतं. "बाळनी," धनुबाई म्हणाली, आणि ती मूठ तिने जरा जास्तच भरली.

भूपेशची बायको शीला दारातल्या खुर्चीवर बसून हे बघत होती. दरवर्षी रोटांचं पीठ तीच मळायची. आज सकाळी जाऊबाईंनी, म्हणजे उखाच्या बायकोने, शोभाबाईने, तिला बाजूला घेतलं होतं. "बाई, औंदा तू हात नको लाऊ. तुन्हा अंगमा ते औषध शे. देवनं काम शे." शोभाबाई हळू आवाजात बोलली होती. हळू बोललं की लागत नाही, असं काही लोकांना वाटतं. शीलाने डोक्याचा रुमाल भुवयांपर्यंत ओढला होता आणि खुर्चीवर येऊन बसली होती.

भूपेश तिच्या मागे उभा होता. परवाच तो तिला सुरतेहून किमो देऊन घेऊन आला होता. नवापूरच्या पुढे तिला उलट्या सुरू झाल्या. एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हाताने तिचं कपाळ धरून तो बसला होता, आणि पुढच्या सीटवरच्या माणसाने नाकाला रुमाल लावला म्हणून त्याच्याशी भांडला होता. एसटी शहाद्याला आली, दोघं उतरली, पण त्याचा राग काही उतरला नाही.

धनुबाई पोत्याचं तोंड बांधायला लागली.

"मोठी माय, एक मूठ ऱ्हायनी," भूपेश म्हणाला.

"कोनी?"

"तिनी."

शोभाबाई फिसकन हसली. धनुबाईलाही थट्टाच वाटली. "बायासनी मूठ ऱ्हास का रे कधी?"

"बायासले रोग ऱ्हास ना? मंग मूठ बी टाक."

"आपलामा नही चालत, भाऊ. चक्कीवाला चक्की धुईसन बठेल शे, उशीर करू नको."

"नही चालत ते मन्ही काढी टाक. मन्हा बदलामा तिनी टाक." भूपेश खाली वाकला आणि त्याने परातीतले मूठभर गहू उचलले.

धनुबाईने त्याचं मनगट धरलं. म्हातारीचा चेहरा पांढराफटक पडला. "येडा हुई गया का? जित्ता माणूसनी मूठ काढतस का? काही इपरीत हुई गयं म्हंजे?"

"हां!" भूपेश एवढ्याने ओरडला की गल्लीतली दोन माणसं थांबली. "मन्हाकरता तुले धाक लागना! तिनाकरता नही लागत?"

या घरात बायांनी निवडायचं, मळायचं, भाजायचं आणि देवीने पुरुषांना सांभाळायचं, हे इतकी वर्षं बिनबोभाट चाललं होतं. ज्याचं जळतं त्याला कळतं.

शीला उठली. "तुम्ही चूप बठा," ती भूपेशला म्हणाली. "मन्ही मूठ मी मांगसू."

ती पोत्याजवळ बसली. तिने हात आत घातला, मूठ भरली आणि वर काढली. परातीपर्यंत आणली तेव्हा शोभाबाईची नजर जमिनीवर गेली, म्हणून शीलानेही खाली पाहिलं. गहू बोटांमधून गळून फरशीभर झाले होते. औषधाने बोटं बधिर पडली होती. मूठ रिकामी झालेली तिला कळलंही नव्हतं.

शोभाबाई दाणे वेचायला वाकली. "ऱ्हाऊ द्या," शीला म्हणाली. तिला भयंकर राग आला होता. शोभाबाईच्या हळू आवाजाचा, नवऱ्याच्या ओरडण्याचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या या हाताचा.

"मन्हा हातले समजत नही आते. तुम्हीच टाका, मोठी माय. पण नाव लीसन टाका."

धनुबाईने भूपेशकडे पाहिलं. त्याने आपले गहू अजून परातीत सोडले नव्हते. तिने पोत्यात हात घातला, मूठ भरली आणि परातीवर धरून पुटपुटली, "भूपेशनी बायकोनी."

"नाव," शीला म्हणाली.

सुरतेच्या दवाखान्यात सुई टोचण्याआधी नर्स दर वेळी तिला नाव विचारायची, आणि ती मोठ्याने सांगायची. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिचं नाव तिला फक्त तिथेच लागलं होतं.

"नाव ल्या, मोठी माय. त्या बाळले ते नाव बी नही शे आजून. माले शे."

धनुबाईची मूठ परातीवर तशीच राहिली.

"शीलानी," ती म्हणाली आणि मूठ सोडली. भूपेशने आपले गहू परातीत परत टाकले. धनुबाईने सुटकेचा श्वास टाकला आणि लगेच सुतळी उचलून पोत्याचं तोंड आवळायला घेतलं.

शीलाने पोत्याच्या तोंडावर हात ठेवला.

"वरनी पाव मूठ ऱ्हायनी," ती म्हणाली.