आधी खुर्ची

सभागृहात ते अपक्ष. पाठीशी ना पक्ष, ना बाकं वाजवणारं कुणी. तरी वर्षानुवर्षं एकच हट्ट धरून बसले: दवाखान्यात मरणाची बातमी व्हरांड्यात, उभ्याउभ्या, जाता जाता सांगायची नाही. नातेवाइकाला आत न्यायचं, दार लोटायचं, खुर्ची द्यायची, हातात पाण्याचा पेला द्यायचा आणि मगच तोंड उघडायचं.

"लोक स्वतःसाठी खुर्ची मागतात, आमचे दादा परक्यांसाठी!" अशी टिंगल करत सगळ्यांनी एकदाचा तो नियम मंजूर केला. तेव्हापासून त्यांचं नावच पडलं, खुर्चीवाले आमदार.

आज ते सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात सकाळपासून ताटकळत होते. आत बायकोचं ऑपरेशन चाललं होतं. "साधंच तर आहे, उगाच तोंड पाडून बसू नका," असं बजावून ती आत गेली होती. शुद्धीवर आली की आधी चष्मा मागेल, म्हणून तिचा चष्मा ते सदऱ्याच्या टोकाने पुन्हा पुन्हा पुसत होते.

दार उघडलं. कोवळ्या वयाची नर्स बाहेर आली. तिने त्यांना ओळखलंही नाही.

"काका, जरा आत येता?"

ते आत गेले. तिने हलकेच दार लोटलं, खुर्ची पुढे ओढली आणि पाण्याचा पेला भरला.

"बसा ना, काका."



"नको सिस्टर," खुर्चीवाले आमदार चष्मा पुसत म्हणाले, "मी उभाच बरा आहे."